रस्ता कोणाचा?

ज्या रस्त्यावरून मनुष्य नित्य जातो येतो, तो रस्ता आपल्या मालकीचाच आहे असें त्याला हळूहळू वाटूं लागतें. आमचेंही तसेंच झालें होतें. आमच्या वसाहतीपुढील रस्ता शहरांतील हमरस्त्यांच्या मानानें लहान. दोन्ही अंगांस गुलमोहर व कडुनिंब. पदपथावर सकाळीं शाळेंत जाणारीं मुलें व संध्याकाळीं फिरावयास निघालेले वृद्ध. चौकापर्यंत येऊन तेथूनच परत फिरणाऱ्या बसचा आवाज आमच्यापर्यंत पोंचत नसे, आणि ह्याचा आम्हांस अभिमान वाटे.

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या तोंडीं वर्तमानपत्रांत एक जाहीर सूचना आली. चौकापाशीं संपणारा बसचा मार्ग आमच्या रस्त्यानें टेकडीपलीकडील वस्तीपर्यंत वाढवावयाचा, त्यासाठीं रस्ता रुंद करावयाचा, व ज्या कोणाची हरकत असेल त्यानें ती एक महिन्याचे आंत लेखी कळवावी, असा तिचा आशय होता. रस्ता रुंद करावयाचा म्हणजे पदपथ कापावयाचा व झाडें तोडावयाचीं, हें सांगण्यास ज्योतिषी नको होता. त्याच रात्रीं वसाहतीच्या पटांगणांत सभा भरली. एरवीं पाण्यावरून एकमेकांशीं अबोला धरणारे शेजारी त्या रात्रीं मांडीला मांडी लावून बसले. शिक्षकाचा हात लिहिता असतो ह्या समजुतीनें अर्ज लिहिण्याचें काम आमच्या गळ्यांत पडलें.

अर्ज लिहावयाचा तर माहिती हवी, म्हणून आम्ही वाचनास लागलों. महाराष्ट्रांत १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमान्वयें शहराच्या विकास आराखड्यांत फेरबदल करावयाचा झाल्यास लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात, आणि हरकत घेणाऱ्यांचें म्हणणें ऐकून घ्यावें लागतें. तेव्हां अर्ज करणें ही याचना नव्हे, हक्क आहे, हें कळून धीर आला. मग इतर शहरांचे अनुभव पाहिले. पुण्यास डिसेंबर २००६ मध्यें कात्रज–स्वारगेट–हडपसर ह्या रस्त्यावर बसगाड्यांसाठीं स्वतंत्र मार्ग सुरू झाला. परंतु पायीं चालणाऱ्यांनीं रस्ता निर्धास्तपणें ओलांडावा अशी सोय पुरी झालेली नव्हती, व त्यावरून शहरांत मोठा वाद माजला. हा दाखला आम्हीं आनंदानें टिपून घेतला.

दिल्लीचा दाखला मात्र तितका सोयीचा निघाला नाहीं. तेथें २००८ मध्यें आंबेडकरनगर ते मूलचंद असा ५.८ किलोमीटर लांबीचा बसमार्ग निघाला. बसगाड्यांसाठीं राखलेली ही जागा सर्व वाहनांस मोकळी करावी, अशी मागणी उच्च न्यायालयांत झाली. ती ऑक्टोबर २०१२ मध्यें न्यायालयानें फेटाळली. पुढें २०१५ मध्यें सरकारनेंच तो मार्ग मोडण्याचें ठरविलें. न्यायालयांत टिकलेला मार्ग रस्त्यावर टिकला नाहीं! परंतु त्या वादाच्या मुळाशीं असलेला प्रश्न आमच्या मनांतून जाईना. रस्त्यावरून गाड्या किती गेल्या हें मोजावयाचें, कीं माणसें किती गेलीं हें?

अर्ज तयार झाला. सह्यांचा कागद मेजावर पडला होता. आमच्या घरीं भांडीं घासावयास येणाऱ्या बाईंनीं विचारलें, “दादा, कागद कशाचा?” आम्हीं सांगितलें. त्या क्षणभर थांबल्या व म्हणाल्या, “मी टेकडीपलीकडूनच येते. बस झाली तर पावसांत लेकीला कडेवर घेऊन टेकडी चढावी लागायची नाहीं. बस यावी म्हणून माझी सही चालेल का?”

आम्ही निरुत्तर झालों. कागदावर ‘रहिवाशाचें नांव’ व ‘घरक्रमांक’ असे दोनच रकाने होते. दहा वर्षें जी बाई ह्या रस्त्यानें पायीं येते, तिचें नांव लिहावयास त्यांत जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशीं वसाहतींतील चार मुलें बरोबर घेऊन आम्ही फाटकाशीं मोजणीस बसलों. मोटारी पुष्कळ गेल्या, परंतु बहुतेकींत एकेकच मनुष्य होता. पायीं जाणाऱ्यांची रीघ मात्र संपेना. मग एका मुलानें टेप धरून रस्ता मोजला. रस्त्याच्या कडेला उभी केलेली मोटार सुमारें दोन मीटर रुंदी अडविते. दोन्ही कडांचें मिळून चार मीटर झालें. बसची रुंदी अडीच मीटरांच्या आसपास! जी जागा पदपथ कापून मिळवावयाची, ती आमच्याच मोटारींखालीं अडकून पडली होती. “गुरुजी, ही तिसरी गाडी तुमची ना?” मुलानें विचारलें. ती आमचीच होती.

आम्हीं अर्ज नव्यानें लिहिला. बस अवश्य यावी. परंतु पदपथ व झाडें राखावीं, रस्त्यावर मोटारी उभ्या करण्यास मनाई व्हावी, आणि मुलांना रस्ता ओलांडण्यास शाळेसमोर सोय असावी, असें त्यांत मागितलें. सभेंत तो वाचतांच गलका उठला. ज्यांना आम्ही काका म्हणतों, त्या वृद्ध गृहस्थांनीं विचारलें, “मास्तर, तुम्ही कोणाच्या बाजूचे?” ह्या प्रश्नानें जितकें दुःख झालें तितकें दुसऱ्या कशानेंही झालें नाहीं. अखेर वसाहतींतून एक सोडून दोन अर्ज गेले.

सुनावणीच्या दिवशीं अधिकाऱ्यांनीं नकाशा पसरला. त्यावर रस्ता दोन सरळ रेघांनीं दाखविला होता. एकही झाड नव्हतें, शाळेचें फाटकही नव्हतें. आम्हीं मुलांनीं केलेली टिपणें पुढें ठेविलीं. अधिकाऱ्यांनीं तीं वाचलीं, नकाशावर पेन्सिलीनें शाळेचें फाटक काढलें व जागा पुन्हां पाहण्याचें कबूल केलें. त्या दिवशीं आमच्यासारखेच काकाही तेथें बोलले, आणि झाडांविषयीं ते आमच्याहून चांगलें बोलले. परतीच्या वाटेवर आम्ही दोघे एकाच बसनें आलों. बोलणें थोडेंच झालें, परंतु झालें.

हा लेख लिहीपर्यंत निकाल लागलेला नाहीं. बाई अजून टेकडी चढून येतात. आमची मोटार मात्र आतां भाड्यानें घेतलेल्या जागेंत उभी असते.

विद्यार्थीमित्रहो, पुढें तुम्हांसही असे अर्ज लिहावे लागतील, व ते निर्भयपणें लिहावे. नकाशा काढणारा चुकतो, आणि त्याची चूक दाखविणें हें नागरिकाचें कर्तव्यच आहे. मात्र सही करण्यापूर्वीं एकदां फाटकाशीं उभे राहून पाहा, कीं ह्या रस्त्यानें कोण कोण जातें, आणि त्यांपैकीं कोणाचें नांव आपल्या कागदावर नाहीं.