निळे पिंप

आमच्या गॅलरीत एक निळे प्लॅस्टिकचे पिंप आहे. दोनशे लिटरचे. लातूरहून पुण्याला बिऱ्हाड हलवले तेव्हा ते टेम्पोत चढवू नये असे आमचे मत होते, पण अम्मींनी हट्टाने आणले. इथे नळाला रोज पाणी येते म्हटल्यावर त्यात जुन्या गोधड्या गेल्या.

लातूरचा २०१६ चा उन्हाळा वाचकांच्या लक्षात असेल. मांजरा धरण कोरडे पडले होते. पाणी भरण्याच्या जागी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये १४४ कलम लावावे लागले. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी, आणि साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपासचा प्रवास. त्या दिवसांत आमच्या घरी वजूचे पाणी घमेल्यात धरून झाडाला जायचे, भांड्यांचे पाणी संडासात. हे आम्ही कुणाला जाणीव करून देण्यासाठी करत नव्हतो. दुसरा इलाजच नव्हता.

पुण्यात आल्यावर हे सगळे किती लवकर विसरलो, याची आता लाज वाटते.

२०२५ साली २२ मार्चचा जागतिक जलदिन रमजानमध्ये आला. त्या दिवशी एकविसावा रोजा. मुलीने कुठेतरी केपटाऊनची हकीकत वाचली होती. दक्षिण आफ्रिकेतल्या त्या शहरात धरणे आटली आणि १ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दिवसाला फक्त ५० लिटर पाण्याची मर्यादा आली. नळ बंद करण्याचा दिवस जवळ येत होता. लोकांनी दोन मिनिटांत आंघोळी उरकल्या, न्यूलँड्सच्या झऱ्यावर रांगा लावल्या, आणि तो दिवस टळला. "आपणही ईदपर्यंत तेवढ्यावर राहू," मुलगी म्हणाली. "जगात लोक कसे राहतात ते कळेल तरी." घरात आम्ही दोघे, अम्मी आणि ती. चौघांचे दोनशे लिटर. म्हणजे बरोबर एक पिंप! गोधड्या बाहेर निघाल्या.

सहरीनंतर पिंप भरायचे आणि आतला कॉक बंद करायचा, असे ठरले. पहिल्याच दिवशी कळले की एका फ्लशला आठ-दहा लिटर जातात. नळाखाली बादली ठेवून आमची वजू मोजली, तर पाच लिटरांच्या वर भरली. अम्मींनी बधन्यात पाणी घेतले आणि लिटरभरात वजू उरकून वर आमच्याकडे पाहिले. हजरत पैगंबर (स.) एका मुद्द पाण्यात वजू करत, असे हदीसमध्ये आले आहे. मुद्द म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ, लिटरपेक्षाही कमीच. गुस्लला चार-पाच मुद्द. हे आम्ही लहानपणी मदरशात पाठ केले होते. नळ सोडून पाठ केले होते, इतकेच.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आम्हाला या शिस्तीची गोडी लागली. खरे सांगायचे तर थोडा गर्वही चढला. इफ्तारला आलेल्यांना पिंप दाखवू लागलो. जगात शेतीलाच ७० टक्क्यांच्या आसपास गोडे पाणी लागते, आमच्या वाचलेल्या बादलीने कुठल्या गावाचा हंडा भरणार नाही, हे कळत होते. तरी पाहुण्यांपुढे बोलताना ते सोयीस्करपणे मागे पडायचे. एकदा पाहुणे जास्त झाले, पिंप असरलाच तळाला गेले आणि आम्ही मुकाट्याने कॉक उघडला. हे मात्र कुणाला सांगितले नाही.

भांड्याला येणाऱ्या मावशी टेकडीवरच्या वस्तीत राहतात. त्यांच्याकडे नळ दिवसाआड, तोही तासभर. पिण्याचे पाणी म्हणून जाताना त्या आमच्या स्वयंपाकघरातून पाच-पाच लिटरचे दोन कॅन भरून नेत. कित्येक वर्षांची ही रीत, इतकी अंगवळणी पडलेली की आमच्या नजरेतूनच गेली होती. सहाव्या दिवशी अम्मींनी विचारले, "मावशींचे कॅन कुठे दिसत नाहीत?" कॅन ओट्याखाली होते, कोरडे.

आमच्या हिशेबात चार माणसे होती. मावशींचे दहा लिटर कुणी धरलेच नव्हते. त्यांनी पहिल्या दिवशी पिंप पाहिले, मुलीचे बोलणे ऐकले आणि कॅन काढलेच नाहीत. सहा दिवस त्या खालच्या दुकानातून विकतचे पाणी नेत होत्या.

"मागायचं तरी," आम्ही म्हणालो.

"तुमच्याकडंच मोजून चाललंय, मग कसं मागू भाभी?" मावशी हसून म्हणाल्या. "पर एक सांगते. तुमचं पिंप सरलं तर नळ हाय. आमचं सरलं की रातभर वाट बघायची."

केपटाऊनचेही मुलीने तेव्हाच पुन्हा वाचून काढले. तिथल्या झोपडवस्त्यांतली माणसे त्या संकटाच्या कितीतरी आधीपासून सार्वजनिक नळावरून पाणी वाहून नेत होती. त्यांना ५० लिटर ही बातमी नव्हती. पहिल्या वाचनात तेवढा भाग तिने गाळला होता.

उरलेले तीन दिवस पिंप १९० लिटरांचे धरले. सहरीनंतर आधी दोन कॅन भरायचे, मग आमचे. ईदच्या सकाळी गुस्लसाठी कॉक उघडला तेव्हा नळाचा आवाज सगळ्यांनाच मोठा वाटला. पिंप अजून गॅलरीतच आहे, गोधड्या पुन्हा त्यात गेल्या आहेत. कॅन मात्र आता अम्मी भरतात, फज्रच्या वजूच्याही आधी, आणि भरले की झाकणे घट्ट लागलीत का ते दोनदा पाहतात.