वहीतली नावे आणि माडीवरचे पाहुणे

अमेरिकेतील इंडियाना राज्यात, ओहायोच्या सीमेजवळ, फाउंटन सिटी हे लहानसे गाव आहे. पूर्वी त्यास न्यूपोर्ट म्हणत. हमरस्त्यालगत १८३९ साली बांधलेले विटांचे एक घर तेथे स्मारक म्हणून जतन केलेले आहे. हे घर लेवी कॉफिन व त्यांची पत्नी कॅथरीन या क्वेकर दांपत्याचे. दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना ते येथे आश्रय देत. माडीवरील खोलीत पलंगाच्या आड एक बुटके दार आहे. त्यामागे छपराखालच्या अरुंद जागेत ही माणसे लपून राहत. विहीरदेखील घरातच, म्हणजे पाणी किती लागते हे शेजाऱ्यांना कळावयाचे नाही!

या कुळाचा माग काढणे अवघड नाही. क्वेकर पंथात धर्मगुरू नाहीत, बाप्तिस्म्याचा विधी नाही; तेव्हा आपल्या चर्चमधल्यासारखी बाप्तिस्म्याची नोंदवही तेथे नसते. परंतु त्यांच्या मासिक सभांच्या वह्यांत जन्म, विवाह व मृत्यू काटेकोरपणे लिहिलेले आढळतात. कुटुंब गाव सोडून निघाले की जुनी सभा नव्या सभेच्या नावे दाखला देई. अशा नोंदींच्या आधारे मागे गेले म्हणजे कळते, की लेवी १८२६ साली नॉर्थ कॅरोलिनातील न्यू गार्डनहून येथे आले. त्यांचे पूर्वज नँटकेट बेटावरून न्यू गार्डनला गेले होते. आणि मूळ पुरुष ट्रिस्ट्रम कॉफिन १६४२ साली इंग्लंडमधील डेव्हनहून अमेरिकेस आला होता.

पण माडीवर लपलेल्यांचे काय? १८५० व १८६० सालच्या जनगणनेत गुलामांची नोंद मालकाच्या नावाखाली होई. वय, लिंग व वर्ण लिहीत. नाव बहुधा लिहीतच नसत. आज त्यांच्या वंशजांना आपले पणजोबा शोधावयाचे तर मालकांची मृत्युपत्रे व विक्रीखते चाळावी लागतात. जेथे गुरेढोरे व भांडीकुंडी मोजलेली असतात, त्याच यादीत कधी आपल्या माणसाचे नाव सापडते.

क्वेकरही सारे निष्कलंक नव्हते. त्यांच्यातील कित्येकांनी गुलाम बाळगले होते. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने सभासदांना तशी बंदी केली ती १७७६ साली.

लेवी १८७७ साली सिनसिनाटी येथे निवर्तले. त्यांच्या थडग्यावर दगडही नव्हता. १९०२ साली तेथील कृष्णवर्णीय बांधवांनी तो उभारला. ज्यांच्या पूर्वजांची नावे कुणी लिहिली नाहीत, त्यांनी त्यांचे नाव दगडावर कोरविले. वाचकहो, आपल्या चर्चच्या नोंदवहीत गरीब-श्रीमंतांची नावे एकाखाली एक लिहिलेली असतात. ती केवढी मोठी देणगी आहे, हे अशा वेळी उमगते.