खत फाटलं, पुढे काय?

तारणानंतर ख्रिस्ती माणसाचं देवाशी नातं कसं बदलतं, यावर संपादकांनी लेख मागितला आणि अट घातली की धर्मशास्त्राची परिभाषा नको. अहिल्यानगर जिल्ह्यात ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. अट पाळायचा प्रयत्न करतो. पण ‘तारण’, म्हणजे ख्रिस्तामुळे पापातून होणारी सुटका, हा शब्द तरी टाळता येणार नाही. बाहेरच्या माणसाला तो ऐकला की धर्मांतर आठवतं, आणि धर्मांतर म्हटलं की दुष्काळातलं धान्य. १८७६ ते ७८च्या दुष्काळात आणि त्यानंतर या जिल्ह्यातले पुष्कळ लोक मिशनकडे आले, हे खरंच आहे. त्यांतल्या बहुतेकांना गावच्या विहिरीवर पाणीसुद्धा भरता येत नव्हतं. भुकेला माणूस, जिथे कुणी हात पुढे करतं तिथे जातो. त्याची लाज मी का बाळगावी? तो कशासाठी आला, यावरून त्याची पतवंडं आज प्रार्थनेला बसताना देवाला काय समजतात ते ठरत नाही. माझा विषय ती प्रार्थना आहे.

गैरसमज आमच्या मंडळ्यांतही आहे आणि तो मला जास्त छळतो. मध्यंतरी नेवासे तालुक्यात एका आजारी गृहस्थांना भेटायला गेलो होतो. जन्माने ख्रिस्ती, प्रभुभोजन कधी न चुकवलेले, अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले. प्रार्थना झाल्यावर म्हणाले, “पाळकसाहेब, दशांश मी कधी थकवला नाही. मग माझं अजून काय द्यायचं राहिलंय, की देवाचा राग जात नाही?” मी त्यांना रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय वाचून दाखवला, देवाच्या प्रेमापासून आपल्याला कशानंही वेगळं करता येत नाही असं सांगणारा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि पुन्हा दशांशाचा हिशेब सांगायला लागले.

हे त्यांचं अज्ञान नव्हे. आम्ही त्यांना आयुष्यभर हेच ऐकवलं. पाप म्हणजे कर्ज, ख्रिस्तानं ते फेडलं, कर्जाचं खत वधस्तंभाला खिळलं. प्रतिमा प्रेषित पौलाचीच आहे, कलस्सैकरांस पत्रातली, आणि आपल्याकडे ती चटकन पोचते. मे १८७५मध्ये सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा झाला, तो पारनेर-श्रीगोंद्यापर्यंत पसरला. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून खतं बाहेर काढून जाळली. पण खत जळालं म्हणून सावकार त्यांचा सोयरा झाला नाही. पुढच्या पेरणीला कर्ज काढायचं तर पुन्हा त्याच्याच ओसरीवर बसावं लागलं. कर्जाच्या प्रतिमेची धाव इथवरच आहे. देणं संपलं एवढं ती सांगते. देणं संपल्यावर देव माझा कोण, याचं उत्तर तिच्यात नाही.

इथे एका जुन्या वादात शिरावं लागतं. ख्रिस्तानं आपला जीव खंडणी म्हणून दिला, असं मार्कच्या शुभवर्तमानात आहे. खंडणी दिली तर ती घेतली कोणी? तिसऱ्या शतकात ओरिगेननं सांगितलं, सैतानानं. चौथ्या शतकात निस्साच्या ग्रेगरीनं त्यापुढे जाऊन सांगितलं की मानवी देहाच्या आमिषात देवत्वाचा गळ दडला होता आणि सैतान त्याला फसला. त्याच काळातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरीला हे असह्य झालं. दरोडेखोराला देवानं मोल द्यावं? आणि पित्याला दिलं म्हणावं, तर पित्यानं आपल्याला कधी डांबून ठेवलं होतं? अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्मनं सैतानाला बाजूला सारलं आणि देवाच्या मानाचं देणं पुढे आणलं. कॅल्विननं त्या जागी शिक्षा आणली. अबेलार्ड मात्र म्हणाला, क्रुसावरच्या प्रेमानं माणसाचं मन वळतं, तेच तारण. आमच्या जिल्ह्यात १८३१पासून काम करणारं अमेरिकन मराठी मिशन न्यू इंग्लंडच्या परंपरेतलं. तिथे ग्रोशियसचा विचार मुरला होता की देव हा राज्यकर्ता आहे आणि क्रूस हा त्याच्या कायद्याची बूज राखण्यासाठी.

शिकवताना मी या वादात फार वेळ घालवतो, अशी विद्यार्थ्यांची तक्रार असते. पण माझ्या मते तो निर्णायक आहे. यांतल्या बहुतेक उत्तरांत देव सावकार, न्यायाधीश नाहीतर राजा आहे आणि निकाल लागल्यावर माणसानं आपल्या घरी जायचं आहे. पवित्र शास्त्रात सोडवणारा असा नाही. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात विकली गेलेली जमीन आणि गुलाम झालेला माणूस सोडवायचा हक्क जवळच्या नातलगाचा आहे. रूथच्या पुस्तकात बवाज हा असाच नातलग जमीन सोडवतो आणि विधवा रूथला घरात आणतो. गलतीकरांस लिहिताना पौल तेच करतो: सुटका झाली ती दत्तक घेण्यासाठी. दत्तकाला वारसा मिळतो, घराचं नाव मिळतं. आणि बापाची माया टिकवायला त्याला हप्ते भरावे लागत नाहीत.

एवढं मान्य झालं तरी ते अंगी मुरायला वेळ लागतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३मध्ये इंग्लंडात झाला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हता, हे जाणवायला पुढे आठेक वर्षं गेली, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. नगरचे रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९३मध्ये आगगाडीत हाती आलेल्या नव्या करारापासून निघाले आणि १८९५च्या फेब्रुवारीत बाप्तिस्म्यापर्यंत पोचले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्यांच्या भजनांत ख्रिस्त आई आहे, गुरू आहे, सखा आहे. त्यांत रक्त कुठे, शिक्षा कुठे, असं आमच्यातले काही कर्मठ विचारतात. मला वाटतं, ज्या घरात आपण आलो त्या घरात वावरायचं कसं, हे टिळकांना या विचारणाऱ्यांपेक्षा चांगलं कळलं होतं.

आणि टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई! पतीच्या बाप्तिस्म्यानंतर काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, मग परत आल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९००चा. सोवळं-ओवळं आणि जातीचा विटाळ मनातून कसा टप्प्याटप्प्यानं गळत गेला, ते त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त वाचावं. तारणाचं याहून प्रामाणिक वर्णन मराठीत मला माहीत नाही. एका बापाची लेकरं झाल्यावर भावंडांत शिवाशिव राहू शकत नाही, हे त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात आणून दाखवलं.

आमच्या मंडळ्यांत आजही सोयरीक जुळवताना मूळचे कुठल्या जातीचे, हे हळूच विचारलं जातं. पाळक होऊ इच्छिणाऱ्या मुलांना मी अन्सेल्म विचारतो, अबेलार्ड विचारतो. आणि मग विचारतो, तुझ्या बहिणीच्या लग्नात हा प्रश्न निघाला तर तू काय करशील? अन्सेल्मवर ती भराभर बोलतात. या प्रश्नावर बहुतेक जण आधी घरच्यांना विचारावं लागेल म्हणतात.