पडवीतलं ऑफिस

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मी पुण्याहून गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी निघालो, तेव्हा सॅकमध्ये कपडे कमी आणि वायरी जास्त होत्या. लॅपटॉप, हेडफोन, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं, पाच मीटरची एक्स्टेन्शन कॉर्ड. रविवार होता. स्वारगेटहून सुटलेली एसटी कराडवरून कोयनानगरपर्यंत आली तोवर मी ऑफिसच्या ग्रुपवरचे मेसेज वाचत होतो. कुंभार्ली घाटात रेंज गेली आणि मला सुट्टी लागल्यासारखं वाटलं. खरं तर सुट्टी नव्हतीच. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता मला लॉग-इन करायचं होतं.

ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या टीमला घरून काम करायची मुभा होती. घर म्हणजे नेमकं कुठलं, हे कुणी विचारलं नव्हतं आणि मीही ते काढलं नव्हतं.

गावच्या घरात आत्या एकटी राहते. बाबांची मोठी बहीण. आतोबा गेल्यावर ती माहेरी परत आली, आणि भाऊ-पुतणे पुण्या-मुंबईत पांगल्यावर घर तिनंच राखलं. मी महिनाभर राहणार म्हटल्यावर तिला एवढा आनंद झाला, की तिनं माजघरात टेबल-खुर्ची मांडून ठेवली होती. शेजारून मागून आणलेली. पण जांभ्या दगडाच्या जाड भिंतींतून रेंज आत येईना. ओटीवर यायची आणि जायची. शेवटी पडवीच्या दक्षिणेकडच्या कोपऱ्यात, खांबाला टेकून फोन ठेवला की हॉटस्पॉट नीट चालतो असा शोध लागला. टेबल तिकडे गेलं. एक्स्टेन्शन कॉर्ड माजघरातून खिडकीवाटे बाहेर आली. पडवीत माझं ऑफिस थाटलं गेलं.

पहिले दहा दिवस स्वप्नासारखे गेले. सकाळी समुद्र, आल्यावर तांदळाची भाकरी किंवा घावनं, मग बारा ते नऊ काम. क्लायंट इंग्लंडचा, त्यामुळे त्यांची सकाळ आमच्या दुपारी उजाडते. अडीच वाजता रोजची स्टँडअप मीटिंग. मी बॅकग्राउंड ब्लर करून बसायचो, म्हणजे मागची पोफळीची झाडं दिसू नयेत. चार वाजता न मागता चहा यायचा. आत्या कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून खाली वाकून, जवळजवळ रांगत यायची आणि कप टेबलाच्या कडेला ठेवून तशीच मागे जायची. मला ते गोड वाटायचं. लॅपटॉप, चहा आणि पलीकडे माड असा एक फोटो मी टाकला. खाली मित्रांच्या कमेंट आल्या: नशीबवान आहेस, आम्हालाही अशी आत्या हवी.

या प्रकारच्या कामाला आता पन्नासहून जास्त वर्षं झाली आहेत. 'टेलिकम्युटिंग' हा शब्द जॅक नाइल्स या अमेरिकन माणसाने १९७३ मध्ये काढला. हा आधी अवकाश-तंत्रज्ञानात काम करणारा इंजिनिअर. लॉस एंजेलिसमध्ये माणसं रोज गाड्यांतून तासन्‌तास ऑफिसला का जातात, त्यांचं काम फोनच्या तारेवरून त्यांच्याकडे का जात नाही, असा त्याचा प्रश्न. आपल्याकडे कॉल सेंटरसारख्या कामांवर दूरसंचार खात्याचे इतके नियम होते, की माणसाला घरी बसवणं हेच किचकट होतं. २०२०च्या लॉकडाउनमध्ये ते तात्पुरते सैल झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नव्या नियमावलीने 'घरून'च काय, 'कुठूनही' काम करायची वाट मोकळी केली. माझ्यासारख्या हजारोंचं फिरतं ऑफिस त्या वाटेवरून सुरू झालं.

कोकणात मात्र या गोष्टीला एक जुनी उलटी बाजू आहे. इथला माणूस शंभर-दीडशे वर्षं नोकरीसाठी मुंबईला जात आला. चाकरमानी. तो नोकरी मुंबईत ठेवून गणपतीला, शिमग्याला घरी यायचा. एरवी मनीऑर्डर यायची, आणि घर, गुरं, शेत, म्हातारी माणसं बाया सांभाळायच्या. माझे आजोबा असेच गिरणीत होते. मी घरातला पहिला चाकरमानी, जो नोकरी पाठीवर घेऊन आला. या गोष्टीचा मला अभिमानही वाटत होता. आजोबांना जे जमलं नाही ते मला जमलं, गाव न सोडता पगार.

अकराव्या दिवशी दुपारी पावणेतीनला वीज गेली. इनव्हर्टर होता, पण टॉवरचीच रेंज गेली. स्टँडअप अर्ध्यावर तुटली. दहा मिनिटं वाट पाहिली, फोन हातात धरून अंगणात फिरलो, मग तुळशीपाशी, मग घराच्या मागे. मागे आमचा जुना गोठा आहे. गुरं कधीच विकली, वरती पत्रे आहेत, आत लाकूडफाटा असतो. तिथून खुसपुस ऐकू आली.

आत आत्या आणि तिघी बायका बसल्या होत्या. समोर चिरलेले फणस. विळ्या, खोबरेलाची वाटी, चीक पुसायची फडकी. वैशाखातलं ऊन, डोक्यावर तापलेला पत्रा. चौघींचे चेहरे घामाने निथळत होते. आणि त्या कुजबुजत होत्या. घरापासून चाळीस पावलांवर, बंद गोठ्यात, एकमेकींच्या कानाशी लागून बोलत होत्या.

मला पाहिल्यावर आत्या दचकली. म्हणाली, "काय रे, झाली मिटिंग?"

आत्या आणि या तिघी मिळून दर उन्हाळ्यात तळलेले गरे विकतात, हे मला माहीत होतं. दर वर्षी पुण्याला आमच्याकडेही डबा येतो. पण ते कसे होतात हे मी कधी पाहिलं नव्हतं. फणस कापा लागतो, जून झालेला पण न पिकलेला. दुपारी बसून गरे सोडवायचे, आठळ्या काढायच्या, लांब पातळ फोडी करायच्या. संध्याकाळी खोबरेलात तळायचे. हे काम चार हातांचं नाही, आठ हातांचं आहे, आणि ते वर्षानुवर्षं पडवीत चालायचं. पडवीच्या दक्षिणेकडच्या कोपऱ्यात. कारण दुपारी वारा तिथेच असतो.

मी विचारलं, "मग इथे का बसलात?"

"तुझ्या साहेबांना ऐकू जाईल ना," आत्या म्हणाली. जणू मीच विचित्र प्रश्न विचारत होतो.

शेजारच्या काकू हसून म्हणाल्या, "आमचं तोंड बंद राहायचं नाही रे. आणि ही म्हणते, पोराची नोकरी जायची."

मग एकेक उलगडत गेलं. आत्या मिक्सर पहाटे साडेचारला लावत होती, कारण दिवसा मी फोनवर असायचो. संध्याकाळची टीव्हीवरची मालिका तिने सोडली होती. इनव्हर्टर संपू नये म्हणून वीज गेली की माजघरातला पंखा बंद करून बसायची. पाण्याचा पंप मी समुद्रावर गेल्यावर लागायचा. चौथी एक बाई यायची, तिला रक्तदाबाचा त्रास, पत्र्याखाली बसवेना म्हणून ती आठवडाभर आलीच नव्हती. हात कमी पडले म्हणून झाडावरचे तीन फणस वेळेत उतरवले गेले नाहीत आणि पिकले. फणस पिकला की तळायच्या कामाचा राहत नाही. ऑर्डर पुण्याची होती आणि ती अर्धीच गेली होती.

मी तिथे उभा राहून हिशेब करत होतो. मला वाटत होतं मी ऑफिस सोडून आलो. ऑफिस म्हणजे नेमकं काय असतं? थंड हवा, न जाणारी वीज, शांतता, वेळेवर चहा, पुसलेलं टेबल. पुण्यात यातल्या प्रत्येक गोष्टीला माणूस असतो आणि त्याला, कमी का होईना, पगार असतो. मी ऑफिसातून फक्त माझी खुर्ची उचलून आणली होती. बाकी सगळं ऑफिस आत्या चालवत होती, तेही स्वतःचा धंदा गोठ्यात हलवून.

त्या रात्री जेवताना मी म्हटलं, "आत्या, मी महिन्याचे पैसे देतो. विजेचे, जेवणाचे, आणि ऑर्डरचं नुकसान झालं त्याचे."

तिने ताटातून मान वर केली. "मी काय लॉज चालवते?"

मी गप्प. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "तुझे आजोबा लालबागला खानावळीत जेवायचे. बाई पहाटे उठून वीस माणसांचं करायची. दोन पाळ्यांचं. बाबा सांगायचे, गिरणीचा भोंगा नंतर, आधी त्या बाईचा स्टोव्ह."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की गिरणगावात अशा शेकडो बाया होत्या. वाण्याकडून उधारीवर सामान, सावकाराकडून कर्ज, आणि पगार झाला की गिरणी कामगार पैसे देणार. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खानावळवाल्यांसाठी, त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. गिरण्यांवर, संपावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं. गिरणी रोज सकाळी सुरू होण्यासाठी कुणाचा तरी स्टोव्ह आधी पेटावा लागतो, हे वाक्य मला माझ्या आत्याकडून, भाताचा घास हातात असताना मिळालं.

पोर्तुगालने २०२१ मध्ये कायदा केला की घरून काम करणाऱ्याचा वीज-इंटरनेटचा वाढीव खर्च कंपनीने द्यायचा आणि कामाच्या वेळेनंतर त्याला फोन करायचा नाही. चांगला कायदा आहे. पण त्यातही पैसे मलाच मिळाले असते. पहाटे साडेचारच्या मिक्सरचं बिल कुठल्या रकान्यात भरायचं?

आत्याने ते स्वतःच ठरवलं. सकाळी घावन वाढताना म्हणाली, "पैसे नकोत. दुपारी दोन ते चार पडवी आमची. आणि पुण्याची पार्सलं तू बांधायची."

पार्सलं सोपी होती. दोन ते चार कठीण होतं, कारण अडीचची स्टँडअप. मीटिंग हलवायची तर कारण सांगावं लागणार आणि कारण सांगायचं तर मी कुठे आहे ते सांगावं लागणार. दोन दिवस मी टाळलं. दोन दिवस त्या चौघी गोठ्यातच बसल्या. मला आता ते माहीत होतं आणि तरी मी हेडफोन लावून बसलो होतो. या लेखातला सगळ्यात वाईट भाग हाच आहे. माहीत नसताना जे झालं त्याची मला फार लाज वाटत नाही. माहीत झाल्यावरच्या दोन दुपारींची वाटते.

तिसऱ्या दिवशी मॅनेजरला फोन केला आणि सांगून टाकलं. गावी आहे, आत्याच्या घरी, रेंज एकाच कोपऱ्यात येते, तो कोपरा दुपारी चार बायकांच्या कामाचा आहे, मीटिंग चारला करता येईल का. पलीकडे शांतता. मग तो म्हणाला की ठिकाण बदललं तर आधी कळवायचं असतं, डेटा सुरक्षेचा प्रश्न असतो, आणि हे तू करायला नको होतंस. बरोबरच होतं त्याचं. एक लेखी समजही मिळाली. मग त्याने विचारलं, "कसलं काम करतात त्या?" मी सांगितलं. तो म्हणाला, "आमच्याकडे सावंतवाडीला पण करतात." मीटिंग चारला गेली. इंग्लंडवाल्यांचे तेव्हा साडेअकरा वाजलेले असतात, त्यांना काहीच फरक पडला नाही.

उरलेले दोन आठवडे दुपारी दोन ते चार मी माजघरात बसून रेंज न लागणारी कामं करायचो. कोड वाचणं, टिपणं काढणं. बाहेर पडवीत चार नाही, पाच बायका. विळीचा आवाज, आठळ्या टोपलीत पडल्याचा आवाज, आणि अखंड बोलणं. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या बांधाचं, ग्रामपंचायतीचं. इतकं मोठ्याने हसायच्या की मला वाक्य परत वाचावं लागायचं. एकदा मीटिंग लवकर लागली आणि मी म्यूट करायला विसरलो. पलीकडून एकीने विचारलं, तिकडे काही समारंभ आहे का. मी म्हटलं, नाही, काम चालू आहे.

मेच्या शेवटी परत आलो. सॅकमध्ये दोन किलो गरे, विकत घेतलेले. आत्याने पैसे मोजून घेतले, पाव किलो वर घातले.

पुण्यात पहिल्याच मंगळवारी मी हॉलमधल्या माझ्या टेबलावर बसलो होतो. कॉल सुरू व्हायला पाच मिनिटं होती. पाणी प्यायला उठलो तर बेडरूमचं दार लोटलेलं, आणि आतून खुसपुस. आई पलंगाच्या पलीकडच्या कडेला, भिंतीकडे तोंड करून, तोंडाशी हात धरून मावशीशी फोनवर बोलत होती.

मी दारात उभा राहिलो. २०२०च्या मार्चपासून मी या हॉलमध्ये काम करतोय. आमच्याकडे कुकर सकाळी नऊच्या आत का होतो, रेडिओ कधी बंद झाला, हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं.

मी म्हटलं, "आई, मोठ्याने बोल ना. बाहेर येऊन बस."

तिने फोनवर हात ठेवला. "तुझा कॉल नाहीये का?"

"आहे," मी म्हटलं.