अर्ज आणि दावा

तीस वर्षं मुलांना अर्जलेखन शिकवलं. 'माननीय महोदय'पासून 'आपला नम्र'पर्यंत. या वयात त्याच विषयात नापास झालो, त्याची ही गोष्ट.

आमच्या आक्काची करवीर तालुक्यात १२ गुंठे जमीन. कर्जाचे कागद म्हणून घरातल्याच एकानं तिची सही घेतली, आणि निघालं खरेदीखत! नोंदणीसकट. आक्का म्हणाली, "बाळू, तू शिकलेला हैस. लिव्ह की सायबाला, खोडून टाका म्हणावं."

लिहिले. एक नाही, सहा अर्ज. दुय्यम निबंधक, तहसीलदार, जिल्हाधिकारी... उत्तर एकच, 'आम्हाला अधिकार नाही.' रंकाळ्यावर फिरताना मी तणतणायचो. एकदा सोबतचे वकीलमित्र थांबले.

"गुरुजी, ते बरोबरच सांगतायत. दस्त नोंदवणं त्यांचं काम, तो रद्द ठरवणं कोर्टाचं. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली सत्यपाल आनंद खटल्यात सांगितलंय, एकदा नोंदलेला दस्त निबंधकाला रद्द करता येत नाही. दोघं राजी असतील तर रद्दलेख करा, नाहीतर स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम ३१ खाली दिवाणी दावा. हुकूमनामा झाला की कोर्टच त्याची प्रत निबंधकाकडे पाठवतं, मग तो नोंद घेतो. मुदत तीन वर्षं, फसवणूक कळल्यापासून. तुम्हाला कधी कळलं?"

पोटात गोळा आला. माझ्या सुवाच्य अर्जांत दोन वर्षं दहा महिने गेले होते!

धावपळ करून दावा लावला. अजून तारखाच चालू आहेत. आक्का आता ८१ वर्षांची.

२०२५च्या नोव्हेंबरात पुण्याच्या मुंढव्यातल्या सुमारे ४० एकर सरकारी जमिनीचं ३०० कोटींचं खरेदीखत गाजलं. 'व्यवहार रद्द' अशी घोषणा झाली, तेव्हा मी टीव्हीसमोर हसलो. नुसत्या घोषणेनं दस्त रद्द होत असता तर आक्काचा केव्हाच झाला असता!

पण त्या रात्री कपाटातलं माझ्या घराचं खरेदीखत काढून पाहिलं. कुणाच्याही अर्जावरून साहेबाला आक्काचा दस्त खोडता आला असता, तर हाही खोडता आला असता. ज्या नियमावर मी तणतणत होतो, त्याच्याच भरवशावर निवांत झोपतोय.

आक्काला हे कसं समजवायचं, ते मात्र अजून सुचलेलं नाही. असो. तुमच्या घरात असं काही झालं असेल तर अर्ज नंतर लिहा, वकील आधी गाठा.