‘सगळं ठीक आहे’ असं मी म्हणत राहिले

दुसऱ्या बाळंतपणाच्या आधीचे शेवटचे तीन महिने मी रात्री कूस बदलताना दात आवळून काढले. दुखायचं ते जांघेत, ओटीपोटाच्या अगदी खाली समोरच्या हाडावर, आणि मागे कंबरेखाली उजव्या अंगाला. बसल्या जागेवरून उठले की पहिली काही पावलं पाय उचलतच नसत, घासत पुढे न्यावे लागत. एका पायावर उभं राहून सलवार चढवायला गेले की समोरच्या हाडात अशी कळ जायची की भिंत धरावी लागे. कधी कधी हाडातून कट्ट असा आवाज यायचा आणि काहीतरी मोडलं की काय या भीतीने मी जागच्या जागी थांबायची.

हे दुखणं मला झालं यात माझा दोष नव्हता. पण ते वाढलं माझ्या वागण्याने. ते कसं वाढलं हे मला सविस्तर सांगायचं आहे, कारण माझ्या शाळेतल्या आणि नात्यातल्या बायका आजही नेमकं तेच करताना मला दिसतात.

मी सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे. शाळा घरापासून लांब, एसटीने जायचं आणि पुढे थोडं चालायचं. बाळंतपणाची रजा १८० दिवसांची. त्यातला एकही दिवस पोटात बाळ असताना खर्च करायचा नाही, सगळी रजा बाळ हातात आल्यावर वापरायची, असं मी सुरुवातीलाच ठरवलं होतं. आमच्यात बहुतेक जणी असंच करतात, त्यामुळे त्यात काही वावगं आहे असं वाटलं नाही. मग एसटीची ती उंच पायरी रोज दोनदा आली. फळ्यासमोर उभं राहणं आलं. मला उजवीकडे दुखायचं म्हणून मी सगळा भार डाव्या पायावर टाकून तासन्‌तास उभी राहायची. घरी आल्यावर अडीच वर्षांची थोरली दारातच हात वर करायची, “आई, कडेवर.” दिवसभर तिला सोडून गेलेली असल्याने मला नाही म्हणवत नसे. तिला डाव्या कडेवर घेऊन, कंबर एका बाजूला काढून, मी स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहायची.

डॉक्टरांना मी यातलं काहीच सांगितलं नाही. तपासणीला गेले की वजन, बीपी, बाळाचे ठोके सगळं व्हायचं, आणि शेवटी डॉक्टर न चुकता विचारायच्या, “बाकी काही त्रास?” मी म्हणायची, “नाही, सगळं ठीक आहे.” बाहेर बाकांवर पंधरा-वीस जणी ताटकळत बसलेल्या असत, हे एक कारण. दुसरं कारण जास्त खरं आहे. ही जागा अशी, की बोट ठेवून दाखवायची लाज वाटायची. आणि तिसरं म्हणजे सासूबाई, आई, शेजारच्या काकू, सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, “बाळ खाली सरकतंय, दुखणारच. आम्ही नाही का सोसलं?” त्यांनी खरोखर सोसलं होतं. त्यांच्यावर माझा राग नाही. सोसलं म्हणजे त्यावर इलाज नव्हता असं होत नाही, एवढं मला तेव्हा सुचलं नाही.

उलट मी दुखणं कमी करण्यासाठी आणखी कष्ट सुरू केले. उकिडवं बसून फरशी पुसली की बाळंतपण सोपं जातं, असं आमच्याकडे पहिल्यापासून सांगतात. मी मोप कोपऱ्यात उभा केला आणि हातात फडकं घेतलं. त्यात मोबाईलवर पाहून फुलपाखरासारखे गुडघे हलवायचं बद्धकोनासन आणि मलासन सुरू केलं. गरोदरपणात ही आसनं करणाऱ्या पुष्कळ जणींना त्यांचा उपयोग होतो. पण समोरच्या हाडाचा सांधा दुखत असताना पाय फाकवून गुडघे खाली दाबणं म्हणजे नेमकी त्याच सांध्यावर ओढ. व्यायाम झाल्यावर दुखणं वाढायचं, आणि मला वाटायचं, शरीर मोकळं होतंय, चार दिवस सहन करावं.

एका शनिवारी दुखणं सहनच होईना म्हणून मेडिकलमधून कंबरदुखीची गोळी आणली. डायक्लोफिनॅक होती. पहिल्या बाळंतपणानंतर मला तीच दिली होती, म्हणून मनात शंकाही आली नाही. बाळ झाल्यानंतर चालणारी गोळी पोटात बाळ असताना चालतेच असं नाही. या जातीच्या वेदनाशामक गोळ्या विसाव्या आठवड्यानंतर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घ्यायच्या नसतात. त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडाचं काम मंदावून पोटातलं पाणी कमी होऊ शकतं, आणि शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी आक्रसू शकते. माझ्या बाळाला काही झालं नाही. पण सोनोग्राफीत पाणी पुरेसं आहे असं कळेपर्यंत जी रात्र गेली ती मी विसरणार नाही. त्या दुकानदाराने विचारलं नाही हे खरं, पण मीही सांगितलं नव्हतं.

आणखी एक चूक मला चूक वाटतही नव्हती. शाळेतलं शौचालय भारतीय पद्धतीचं. खाली बसताना आणि विशेषतः उठताना जांघेत जे व्हायचं त्याची इतकी धास्ती घेतली, की मी पाणी पिणंच कमी केलं. सकाळी एक पेला, मग घरी येईपर्यंत काही नाही. चौतिसाव्या आठवड्यात एक दिवस हुडहुडी भरून ताप आला. त्याच्या आधीपासून लघवीला जळजळत होतं आणि ओटीपोटात थांबून थांबून कळा येत होत्या. पण तिथे रोजच दुखत असल्याने मी सगळं त्याच खात्यात टाकलं. नवऱ्याने ऐकलं नाही, गाडी काढली. लघवीचा जंतुसंसर्ग निघाला, दाखल व्हावं लागलं. अशा संसर्गाने वेळेआधी बाळंतकळा सुरू होऊ शकतात, म्हणून दोन दिवस सगळे काळजीत होते.

तिथे एका निवासी डॉक्टर मुलीने मला खाटेवर कूस बदलताना पाहिलं. मी खाटेची कड पकडून, श्वास रोखून, आधी एक पाय मग दुसरा असं सरकत होते. तिने विचारलं, “हे कधीपासून होतंय?” मी सवयीने ठीक आहे म्हणायला तोंड उघडलं आणि मला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट ताई आल्या. त्यांनी पहिल्यांदा या दुखण्याला नाव असल्याचं सांगितलं, पेल्विक गर्डल पेन. गरोदर बायकांपैकी साधारण पाचात एकीला ते होतं. समोर ओटीपोटाखाली दोन हाडं जिथे जुळतात तो एक सांधा, आणि मागे माकडहाडाच्या वर दोन्ही अंगांना एकेक, असे हे तीन सांधे. समोरच्या सांध्यातली फट एरवी चार-पाच मिलिमीटर असते आणि गरोदरपणात ती दोन-तीन मिलिमीटर वाढते. सगळ्याच जणींची वाढते. मग मलाच का दुखावं? पूर्वी याचं सगळं खापर रिलॅक्सिन नावाच्या संप्रेरकावर फोडत. आता तसं सरळ नातं दिसत नाही असं संशोधन सांगतं. तिन्ही सांधे सारखे हलत नाहीत आणि भार एका बाजूला पडत राहतो, हे दुखण्याचं मोठं कारण मानलं जातं. ताई म्हणाल्या, “दाराची एक बिजागरी सैल आणि एक घट्ट असेल तर दार कुरकुरणारच. आणि तुम्ही तर रोज त्या दाराला लोंबकळताय.” एका पायावर उभं राहणं, डाव्या कडेवरची लेक, एसटीची पायरी, फरशी, फुलपाखरू, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. बाळाला या दुखण्याने इजा होत नाही हेही त्यांनी सांगितलं, आणि कित्येक दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला.

मग त्यांनी जे शिकवलं ते इतकं साधं होतं की इतके आठवडे मी ते न विचारता घालवले याचं मला आजही वाईट वाटतं. कूस बदलताना गुडघ्यांमध्ये उशी घट्ट दाबून धरायची आणि खांदे, कंबर, गुडघे एकदम वळवायचे. उठताना आधी कुशीवर यायचं, दोन्ही पाय एकत्र खाटेखाली सोडायचे आणि हाताने रेटा देऊन बसायचं. कपडे बसून घालायचे. पावलं लहान टाकायची. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवायचे. गाडीत आधी पाठमोरं बसायचं, मग दोन्ही गुडघे जुळवून आत घ्यायचे. भाकरी उंच स्टुलावर बसून थापायची. जमिनीवर मांडी नाही, उकिडवं नाही. घरी कमोडची खुर्ची आणली. सासूबाईंना ती आजारी माणसाची वस्तू वाटली, पण मी ती वापरली आणि पोटभर पाणी प्यायला लागले. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत.

पट्ट्याचंही असंच. मी आधीच एक पट्टा घेतला होता, पण तो बाळंतपणानंतर पोटाला बांधायचा होता आणि मी तो पोटावरच आवळत होते. ताईंनी दिलेला पट्टा पोटाच्या खाली, खुब्यांच्या पातळीवर बसायचा. चालताना बांधायचा, आडवं होताना काढायचा. पहिल्याच दिवशी वॉर्डातून स्वच्छतागृहापर्यंत मी भिंत न धरता गेले. दुखणं गेलं नव्हतं, पण आवाक्यात आलं होतं. त्याबरोबर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे आणि सैल सोडायचे हलके व्यायाम होते. खुबे दुखतात म्हणून मी उताणी झोपायला लागले होते, तेही सुटलं. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर झोपी जाताना कुशीवरच असावं, हे बाळाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. गुडघे आणि घोटे दोन्हींच्या मध्ये उशी आणि पोटाखाली एक छोटी उशी घेतली की कुशीवर झोपणं जमतं.

थोरलीला समजावणं सगळ्यात अवघड गेलं. “आई आता कडेवर घेणार नाही, तू माझ्याजवळ ये,” असं म्हणून मी खाटेवर बसायची आणि ती चढून कुशीत यायची. पहिले काही दिवस ती माझ्याकडे न येता आजीकडे जायची. ते मला हाडातल्या कळेपेक्षा जास्त लागलं. पण तिच्यासाठीसुद्धा हे महिन्याभरापूर्वी करायला हवं होतं, दवाखान्यातून आल्यावर एकदम नाही. रजेचा अर्जही मी तेव्हाच दिला. राखून ठेवलेल्या रजेतले काही दिवस गेले. त्यांची हळहळ वाटली नाही.

इतकं शिकल्यावरही एक मोठी चूक बाकी होती. ताईंनी मला आडवं झोपवून, न दुखता दोन गुडघे किती लांब जाऊ शकतात ते टेपने मोजलं होतं. ते अंतर कागदावर लिहून दिलं होतं आणि बजावलं होतं, “कळा सुरू झाल्या की हा कागद आधी दाखवा. कुशीवर किंवा हातापायांवर ओणवं राहून बाळंतपण करता येईल का ते विचारा.” कागद फाईलमध्ये होता. फाईल टेबलावर होती. कळा सुरू झाल्या, रात्रीची पाळी बदललेली, ओळखीचं कुणी नाही. सिस्टरने पाय वर बांधायला घेतले तेव्हा माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. आता इथे आपण काय सांगायचं, त्यांना माहीत असेल, असं वाटलं. त्यांना माहीत असण्याचा काही मार्गच नव्हता. नवऱ्यालाही मी कागदाबद्दल सांगितलं नव्हतं, नाहीतर त्याने दारातून ओरडून सांगितलं असतं.

बाळ सुखरूप झालं. मुलगा. पण दुसऱ्या दिवशी मला पाऊल टाकता येईना. वॉकर धरून बाथरूमला जावं लागलं. एक्स-रे काढला. फट दहा मिलिमीटरच्या वर गेली की सांधा विलग झाला असं धरतात, माझी त्याच्या आत होती. शस्त्रक्रियेचा प्रश्न आला नाही. दीड महिना मात्र फार जड गेला. मालिशवाल्या मावशी यायच्या. त्या बाळाला न्हाऊमाखू घालायच्या ते छानच, पण बाळंतिणीचे पाय ताणून फाकवायची त्यांची पद्धत होती. पहिल्या दिवशी मी गप्प राहिले आणि रात्रभर कळवळले. दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, “मावशी, पाठ आणि खांदे चोळा, पाय ओढू नका.” त्या लगेच “बरं बाई” म्हणाल्या. त्यांना त्यात काहीच वाटलं नाही.

सहा आठवड्यांनी तपासणीला गेले तेव्हा बसल्या बसल्या मी आधी हेच सांगितलं. कुठे दुखतं ते बोट ठेवून दाखवलं, कधीपासून, काय केल्यावर वाढतं तेही. डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “दर वेळी विचारत होते मी.” विचारत होत्याच. त्यांनी फिजिओथेरपीची चिठ्ठी दिली आणि माझ्या कार्डावर हे दुखणं लिहून ठेवलं, म्हणजे पुढे कधी गरज पडली तर पहिल्या महिन्यापासून लक्ष ठेवता येईल.

व्यायाम अजून चालू आहेत. जिना आता एकाआड एक पायाने चढता येतो, थोरलीला हात धरून शाळेत सोडता येतं. मांडी घालून पंगतीला बसायला मात्र अजून जमत नाही. कुणी पाट पुढे केला की मी खुर्ची मागते, आणि का ते विचारलं तर सांगते.