खाडा

मराठी खानावळीने भाषेला जे शब्द दिले, त्यांत ‘खाडा’ हा शब्द आम्हांस विशेष प्रिय आहे. कामावर न जाणे म्हणजेही खाडाच; परंतु खानावळीच्या वहीत त्याचा अर्थ अधिक नेमका होतो. महिन्याचे पैसे आगाऊ भरलेल्या माणसाने ‘उद्या येणार नाही’ असे आदल्या दिवशी सांगावे, मालकिणीने त्याच्या नावापुढे फुली मारावी, आणि तेवढ्या ताटांचे पैसे वजा व्हावेत किंवा पुढील महिन्यात तितके दिवस वाढवून मिळावेत. पुण्यात शिकलेल्या दोन-तीन पिढ्यांना हा व्यवहार तोंडपाठ असेल. खाडे किती मिळावेत, सकाळचा एक वेळचा खाडा धरावा की नाही, यावरून भांडणेही भरपूर होत. तरीही न जेवण्याचा हक्क त्या वहीत मान्य केलेला होता, आणि त्यासाठी एक स्वतंत्र शब्दही होता.

हा शब्द आम्हांस गेल्या उन्हाळ्यात आठवला तो अगदी भलत्या ठिकाणी.

आम्ही राहतो ते कशेळी ठाणे-भिवंडी रस्त्यावर, बाळकुमकडून खाडीवरचा पूल ओलांडला की लागते. एके काळचे हे भातशेतीचे गाव आता बाहेरच्यांना फर्निचरच्या दुकानांमुळे आणि पुढे काल्हेरपर्यंत पसरलेल्या गोदामांमुळे ठाऊक असते. गोदामांतली परगावची मुले इथे ‘डबा लावतात’. मराठीत डबा लावतात, खानावळ लावतात, पूर्वी वारही लावीत. या ‘लावण्या’त सातत्य आहे, ओळख आहे, आणि आज काय आहे हे विचारण्याची मुभा मात्र फारशी नाही. म्हणजे आगाऊ ठरलेले जेवण आपल्याला मुळीच नवे नाही. नवे आहे ते सहलीला जाताना जेवण आगाऊ विकत घेणे.

आमच्या घरातील लहानथोर नऊ जण एका मनोरंजन उद्यानात दोन दिवस आणि एक रात्र राहावयास गेले. उद्यानाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तसली व्यवस्था आता सर्वत्र आढळते. प्रवेश, खोली, दोन नाश्ते, दोन दुपारची जेवणे, चहा आणि रात्रीचे जेवण, सगळे मिळून एक रक्कम. धाकट्या बंधूंनी ती महिनाभर आधी भरून टाकली. त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता: आत गेल्यावर पुनःपुन्हा पाकीट काढावे लागणार नाही, आणि मुलांनी काही मागितले की किमतीचा फलक वाचून ‘नको’ म्हणण्याची पाळी येणार नाही.

या युक्तिवादाला शास्त्राचा पाठिंबाही आहे. ड्रॅझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात लोकांपुढे ठेवलेला एक प्रश्न आहे. आठवड्याच्या सहलीचे १२०० डॉलर आधीचे सहा महिने दरमहा २०० असे भराल, की परत आल्यावर सहा महिने? बहुसंख्यांनी आधी भरणे पसंत केले. हाच प्रश्न कपडे धुण्याच्या यंत्राविषयी विचारला तेव्हा बहुसंख्य म्हणाले, नंतर. यंत्र वर्षानुवर्षे कपडे धूत राहते, त्याचे पैसे नंतर देताना काही खटकत नाही. सहल मात्र संपून जाते. संपलेल्या सुखाचे हप्ते फेडणे जिवावर येते. आधी पैसे दिले की ते विसरता येतात आणि सुख फुकट मिळाल्यासारखे भासते. बंधूंनी हा निबंध वाचलेला नाही, पण त्यांचे गणित हेच होते.

आम्हांस जे दिसले ते थोडे निराळे. पैसे विसरले गेले नाहीत, त्यांनी फक्त वेष पालटला. पहाटे निघालो, तेव्हा वाटेत मिसळीचे एक हॉटेल लागले. बाहेर गाड्यांची रांग, आत कढणाऱ्या कटाचा वास. आमच्या घरची मंडळी एरवी अशा जागी न थांबता पुढे जाणे अशक्य. परंतु ‘नाश्ता आपला भरलेला आहे’ या एका वाक्यावर गाडी पुढे निघाली. उद्यानात शिरण्याआधी तीन तास त्या योजनेने पहिला निर्णय घेऊन टाकला होता. आत पाच-सहा खाद्यगृहे होती, त्यांपैकी आमच्या मनगटावरचा कागदी पट्टा दोनच ठिकाणी चालत असे. धाकट्या पुतणीला डोसा हवा होता. डोसा तिसऱ्या ठिकाणी होता आणि फार महागही नव्हता. पण ‘तिकडे भरलेले असताना इकडे पुन्हा कशाला?’ असे तिला चौघांनी समजावले. बाकीच्या दुकानांचे अन्न कोणी निषिद्ध केले नव्हते. ते आपोआप दुप्पट महाग झाले होते.

आणि मग बुफे. आमचे घर आगरी. भाताशिवाय जेवण म्हणजे जेवणच नव्हे, अशी तीन पिढ्यांची ठाम समजूत. त्या घरातल्या कर्त्या पुरुषांनी भाताचे पातेले ओलांडून पुढे जाताना आम्ही प्रथमच पाहिले. ‘भाताने पोट भरते,’ असे मेहुण्यांनी हलक्या आवाजात सांगितले. पोट भरणे हा आता दोष ठरला होता. कोंबडी, पनीर, तीन प्रकारची गोडे या मार्गाने ‘वसूल’ करावयाचे होते. ‘पैसा वसूल’ हा शब्दप्रयोग आपण चित्रपटगृहातून उचलला; तिथे तो प्रेक्षकाच्या तृप्तीविषयी असतो. ताटापाशी आला की त्याला सावकारी छटा येते. वसुली ज्याच्याकडून करायची तो तिथे समोर नसतोच, आणि होते ती स्वतःच्या पोटाकडून.

हाल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांचा १९८५ सालचा एक प्रयोग या संदर्भात आठवतो. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामी तिकिटे काहींना पूर्ण किमतीला, काहींना सवलतीत दिली गेली, कोणाला कोणते हे नशिबावर सोपवून. हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण किंमत भरलेले प्रेक्षक अधिक नाटकांना आले. नाटके सर्वांना तीच होती. उत्तरार्धात हा फरक उरला नाही. भरलेल्या पैशांचा टोचणारा काटा काही महिन्यांनी बोथट होत असावा. दोन दिवसांच्या सहलीत त्याला बोथट होण्यास वेळच मिळत नाही, ही त्यातली मेख.

या विद्येचे सर्वांत पुढारलेले रूप आम्हांस आमच्या भाच्यामुळे कळले. तो न्यू जर्सीत राहतो. ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये राहणाऱ्या पाहुण्यांसाठी आगाऊ भोजनयोजना २००५ सालापासून आहे. २०२० मध्ये महासाथीत ती थांबली आणि जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिथे रात्रींच्या संख्येप्रमाणे जेवणाचे ‘क्रेडिट’ खात्यावर जमा होतात. बहुतेक उपाहारगृहांत बसून जेवण्यास एक क्रेडिट, काही खास ठिकाणी दोन. न वापरलेले क्रेडिट मुक्काम सोडण्याच्या दिवशी मध्यरात्री संपतात. टेबलाची नोंदणी साठ दिवस आधी खुली होते, म्हणून दोन महिन्यांनंतरच्या मंगळवारी रात्री आपणास काय खावेसे वाटेल हे आजच ठरविणे इष्ट. भाच्याने यासाठी एक तक्ता केला होता आणि तो आम्हांस मोठ्या अभिमानाने फोनवर दाखविला.

त्या तक्त्यात एक गंमत होती. प्रत्येक उपाहारगृहापुढे तिथल्या सर्वांत महाग मुख्य पदार्थाची किंमत लिहिलेली होती. क्रेडिट एकच जाणार असेल तर ते जास्तीत जास्त महाग ताटावर जावे, हे उघड. परंतु भाचेसून शाकाहारी आहे. मांसाच्या तुकड्याला जे क्रेडिट, तेच भाजीलाही. रोख पैसे देताना तिचे जेवण टेबलावरचे सर्वांत स्वस्त असते. योजनेत ते सर्वांत महाग होते, कारण त्यातून वसुली सर्वांत कमी. तिला ‘सना’ नावाच्या उपाहारगृहात जावयाचे होते. आफ्रिकी आणि भारतीय चवींचे ते ठिकाण तिथल्या नानसारख्या रोट्यांच्या आणि अनेक चटण्यांच्या थाळीसाठी नावाजलेले आहे. पण ती थाळी सुरुवातीच्या पदार्थांत मोडते, आणि योजनेत मुख्य पदार्थ, गोड आणि पेय एवढेच बसते. तक्त्याने कौल दिला तो मिकी माऊस टेबलापाशी येऊन हात मिळवतो त्या बुफेला. त्याचेही क्रेडिट एकच. मुले अर्थातच हरखली. भाचेसुनेची तक्रार नव्हती. ‘मामा, तिथे गेल्यावर पाहू,’ एवढेच ती म्हणाली. आम्हांस मात्र राहून राहून वाटत राहिले की, त्या तक्त्यात एक स्तंभ कमी होता. कोणाला काय आवडते, याचा.

आता आत्यांविषयी. आमच्या आत्या माळकरी आहेत. सहलीचा दुसरा दिवस एकादशीचा निघाला. तारखा ठरविताना कोणी पंचांग पाहिले नव्हते. आत्यांना त्याचे काहीच वाटले नाही. राजगिऱ्याचे लाडू आणि शेंगदाणे घरूनच आणले होते, पण बाहेरचे अन्न आत नेण्यास मनाई असल्याने पिशवी गाडीतच राहिली होती. सकाळी त्या भोजनगृहाच्या दारातील मुलाकडे गेल्या आणि म्हणाल्या, “बाळा, माझा आजचा खाडा धर.” त्या मुलाला शब्दच कळला नाही. अर्थ समजावून सांगितल्यावर तो अदबीने म्हणाला, “आजी, पॅकेजमध्ये तसे होत नाही.” आत्यांनी पुढचा मार्ग काढला: माझे ताट आमच्या गाडीवाल्याला द्या, तो सकाळपासून बाहेर बसला आहे. तेही होत नव्हते. पट्टा ज्याच्या मनगटावर, ताट त्याचे. मुलाचा आवाज या वेळी थोडा खाली गेला होता. तो बिचारा नियम करणारा नव्हता.

आत्या रागावल्या नाहीत, चकित मात्र झाल्या. पैसे गेल्याचे त्यांना दुःख नव्हते, ते भावाने भरलेले होते. आपल्या वाट्याचे अन्न आपण खात नसू तर ते दुसऱ्याला देता येत नाही, ही गोष्ट त्यांना समजेना. त्यांच्या हिशेबी विकत घेतलेले ताट आपले असते, आणि आपले असते म्हणूनच ते देता येते. योजनेच्या हिशेबी त्यांनी ताट विकत घेतलेलेच नव्हते. घेतली होती ती स्वतः बसून खाण्याची परवानगी. हा भेद कायद्याने स्वच्छ आहे आणि कंपनीच्या बाजूने पाहिले तर समजण्यासारखाही, कारण न खाल्लेली ताटे धरूनच त्या रकमेचे गणित बसविलेले असणार. दुपारी आत्या बाहेर जाऊन गाडीत बसल्या आणि चालकासोबत त्यांनी लाडू खाल्ले. चालकाला एकादशी नव्हती. त्याने नंतर रस्त्यापलीकडच्या टपरीवर वडापावही खाल्ला, आणि त्याचे पैसे आत्यांनी आग्रहाने दिले.

जुन्या व्यवस्थांना उगाच सोनेरी मुलामा देण्याची आमची इच्छा नाही. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्याला पसंती-नापसंती नव्हतीच, आणि ज्या घरी वार त्या घराचे उपकार वर. खानावळीची पातळ आमटी हा विनोदाचा विषय झाला तो उगाच नव्हे. तरी गिरणगावातील खानावळींचा व्यवहार या संदर्भात पाहण्यासारखा आहे. तिथे बायका आपल्या खोलीत रांधून गिरणी कामगारांना जेवू घालीत आणि पैसे बहुधा पगार झाल्यावर घेत. म्हणजे आगाऊ भरणा खाणाऱ्याचा नव्हता, रांधणारीचा होता. ती धान्य उसने आणून महिनाभर वाट पाही. सावकाराच्या विळख्यातून या बायकांना सोडविण्यासाठी, त्यांना बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, पगार थांबले, पुष्कळ कामगार गावी परतले. पैसे आधी की नंतर हा प्रश्न चवीचा किंवा सोयीचा वाटतो, पण त्यात जोखीम कोणी उचलायची हे ठरत असते. गिरणगावात ती चुलीपाशी बसलेल्या बाईने उचलली. पुण्याच्या खानावळीत खाड्याच्या रूपाने ती दोघांत वाटली जाई. मनगटावरच्या पट्ट्यात ती पूर्णपणे जेवणाऱ्याकडे आलेली आहे: भूक लागली नाही, आजारी पडलात, एकादशी निघाली, सारे तुमचे.

दिवाळीत याच मंडळींनी कोकणात जाण्याचा बेत केला. बंधूंनी या खेपेसही ‘जेवणासह’ असे काही शोधून पाहिले. पण ज्या घरगुती जागेत उतरलो तिथे तसले काही नव्हते. सकाळचा चहा देताना घरधनीण विचारीत, “दुपारी किती पाने?” तेवढेच सांगावयाचे. मासळी काय मिळते ते बाजार उघडल्यावर कळणार आणि पैसे निघताना द्यावयाचे. पहिल्या दिवशी आम्ही नऊ सांगितले आणि दोघे समुद्रावरच रेंगाळले, तर बाईंनी ते उरलेले डबा भरून शेजारी पाठविले. संध्याकाळी हिशेबात किती धरायचे यावर त्यांचा आणि बंधूंचा वाद झाला. त्या सात म्हणत होत्या, बंधू नऊ.